आय बाजूला सरकली तो फोटो

रविवार, संध्याकाळ. तळवली.

शेवटी आज जुना डिजिटल कॅमेरा घेऊन आलोच. अगदी माझ्या पहिल्या, बंद पडलेल्या कॅमेऱ्यासारखाच. सुनंदा म्हणाली, "अहो, हातात फोन असताना हे डबडं कशाला?" कशाला म्हणजे? माझं जुनं मेमरी कार्ड दुसऱ्या कशातच बसत नव्हतं. आय गेली, आणि घरात तिचा एकही धड फोटो नाही. त्यात एखादा असेल, एवढीच आशा.

आणि कार्ड उघडलं की! मोरा बंदराचा धक्का, नारळी पुनवेला नव्याने रंगवलेली आमची होडी. पण आय? कडेला नुसता तिचा हात, हिरव्या बांगड्यांसकट. मग आठवलं. मीच ओरडलो होतो, "आये, सर ना बाजूला, होडी दिसू दे!" बिचारी हसत सरकली. ती होडी केव्हाच मोडीत गेली. मी तरी कसला फोटोग्राफर! तो हात मोठा करकरून किती वेळ बघत बसलो.

मग म्हटलं, याच कॅमेऱ्याने एक नवा फोटो काढू. खिडकीशी गेलो, तर तिथे सुनंदा कपडे वाळत घालत होती.

"थांबा, मी सरकते बाजूला."

"नको गं. तू मधेच राहा."