खिळ्याला टांगलेली वही

अण्णा, आज संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी आपल्या स्वयंपाकघरात एक गोष्ट घडली. चहाचे कप अजून ओट्यावर तसेच पडलेत, मी ते विसळायलाही थांबलो नाही. कारण ही गोष्ट नीट कळेल असा माणूस एकच होता आणि त्याला जाऊन एकोणीस वर्षं झाली. गोष्ट तुमच्या नातीची आहे. तुम्ही तिला पाहिलं नाहीत. तेरा वर्षांची आहे, मला सरळ अरे-तुरे करते, आणि नाक अगदी तुमचं.

आधी तुमच्या वहीबद्दल बोलतो. विक्रोळीच्या कारखान्यात वर्षातून एकदा घरच्यांना आत सोडायचे, तसा मी सहावीत असताना आलो होतो. तुमच्या प्रेस खात्यात चहाच्या किटलीशेजारी एका खिळ्याला सुतळीने वही टांगलेली होती, वर तुमच्या अक्षरात ‘थोडक्यात वाचलो’. ज्याचा हात मशीनमध्ये जाता जाता राहिला, त्याने ते त्याच दिवशी लिहायचं. लिहिणाऱ्याला कोणी बोल लावायचा नाही, आणि त्याला चहा तुम्ही स्वतः ओतून द्यायचा, असा तुमचा नियम. मी एक पान मोठ्याने वाचलं. कोणीतरी लिहिलं होतं की घाईत मशीनची हात वाचवणारी जाळी वर बांधून ठेवली आणि पत्रा हातानेच सरकवला. मी हसलो. तुम्ही सगळ्यांसमोर माझा कान धरलात. “हसलास तर उद्या तो लिहिणार नाही. बोट गेल्यावर सगळेच सांगतात रे. जायच्या आधी सांगणारा पाहिजे.” कान दुखला तेवढं लक्षात राहिलं. बाकीचं कळायला मला पन्नाशी गाठावी लागली.

मी कॉम्प्युटर कोणाकडे शिकलो नाही, तुम्हाला माहीत आहे. बंद पडलेली मशीनं उघडून शिकलो. आज पवईचे मोठे शिकलेले लोक लॅपटॉप घेऊन माझ्या दुकानात येतात आणि मी स्क्रू मोजून परत लावतो, एकही जास्त उरत नाही. तर अशा माणसाच्या घरात बंदोबस्त कसा असेल? मुलीच्या फोनला वेळेची मर्यादा, घरच्या वायफायवर गाळणी, नवीन ॲप घ्यायचं तर परवानगी माझ्या फोनवर. अकरा कुलपं, मी मोजून लावली होती. शेजारपाजारचे विचारायला यायचे आणि मी ऐटीत सांगायचो.

दोन महिन्यांपूर्वी तिच्या मैत्रिणीच्या आईचा फोन आला. फोनवरच्या खेळातल्या चॅटवर कोणीतरी ‘मी मुलुंडची, तुझ्याच वयाची’ म्हणत हिच्याशी ओळख काढली होती. त्या व्यक्तीला हिची शाळा आधीच माहीत होती, म्हणून हिचा विश्वास बसला. मग फोटो मागितले, आधी साधे, मग नको तसले. हिने ते पाठवले नाहीत, तर धमक्या सुरू झाल्या. तीन आठवडे पोर एकटी सोसत होती, अण्णा, आणि मी बाहेरच्या खोलीत बसून लोकांना कुलपं शिकवत होतो. आम्ही फोनमधलं काही पुसून टाकलं नाही, सगळ्या मेसेजचे स्क्रीनशॉट ठेवले, पोलिसांच्या सायबर कक्षात तक्रार दिली. ते निस्तरलं. पण मी तिला विचारलं, मला का नाही सांगितलंस? ती म्हणाली, “तू फोन काढून घेतला असतास ना.” खरं होतं. पहिलं तेच केलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी दोनशे पानी वही आणली, भोक पाडलं, सुतळी ओवली आणि फ्रिजशेजारी खिळ्याला टांगली. नाव तेच, नियम तेच. मायलेकी माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. “हे काय, शाळा उघडली का घरात?” तुमची सून म्हणाली. पण पहिली नोंद तिनेच केली, कुरिअरच्या नावाने आलेली लिंक दाबता दाबता राहिली ती. मुलगी मात्र वहीकडे फिरकली नाही. दीड महिना. मी रोज पान उलटून बघायचो आणि बघितलं नाही असं दाखवायचो.

आणि आज मी चहा टाकत होतो तर ती येऊन उभी राहिली. “बाबा, ओरडणार नाहीस ना?” फोन माझ्यासमोर धरला. शाळेच्या नाटकाच्या ग्रुपमधला आहे म्हणणारा कोणीतरी तिला दुसऱ्या ॲपवर बोलावत होता, वर ‘घरी सांगू नकोस’. तेवढ्यावरून तिने ओळखलं. माझा हात फोनकडे गेलाच होता, अण्णा. मी तो वळवून गाळणं उचललं आणि तिचा चहा ओतला, पूर्ण कप, पहिल्यांदाच. मग दोघांनी मिळून स्क्रीनशॉट काढला, खातं ब्लॉक केलं, शाळेत बाईंना कळवलं. वहीत तिने वेळही घातली, सहा वाजून दहा मिनिटं. तिला म्हटलं, हे माझ्यावर गेलंय. “आणखी एक लिहू?” ती म्हणाली. “तुझ्या वेळेच्या कुलपाला भोक आहे. फोनचं घड्याळ मागे केलं की उघडतं. मला दिवाळीपासून माहीत आहे.” माझं तोंड बघून आई-मुलगी ओटा धरून हसल्या. मीही हसलो. खोटं नाही सांगत, दुकानाची पाटी लावली त्या दिवशीही मला इतका आनंद झाला नव्हता.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, टाकणार कुठे? पण एक राहिलंय. वहीचं पहिलं पान मी कोरं सोडलं होतं. त्या चॅटवाल्याला हिची शाळा कशी कळली, ते मला तक्रारीच्या दिवशीच समजलं होतं. हिला चित्रकलेत बक्षीस मिळालं तेव्हा गणवेशातला फोटो, शाळेच्या फाटकासमोरचा, सगळ्या जगाला दिसेल असा मीच टाकला होता. अजून कोणाला बोललो नाही. हा कागद त्या पहिल्या पानावर चिकटवतो. ती उद्या वाचेल. चहा कोण ओतून देतं बघू.