ट्रॉलीवरून उडालेला ड्रोन

दुसरबीड, १९ ऑगस्ट

प्रिय श्रद्धा,

फोनवर लिहिलेलं मी चार वेळा पुसलं, म्हणून हे कागदावर. तू पुण्याला गेलीस त्याला या पोळ्याला दोन वर्षं होतील. माझी बातमी एवढीच, की मी दहावी पास झालो. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसलो होतो. इंग्रजीत अडतीस पडले. दहावीशिवाय ड्रोनच्या परवान्याच्या प्रशिक्षणाला घेत नाहीत, हे तूच मला सांगितलं होतंस आणि मी हसण्यावारी नेलं होतं. आता पुढच्या महिन्यात प्रशिक्षणाला जायचं आहे.

आपला ड्रोन माझ्याकडेच आहे. मोडलेला दांडा बदलला, पण परवाना हातात येईपर्यंत तो उडवायचा नाही असं ठरवलं आहे. दर रविवारी पंखे काढून तो टेबलावर ठेवतो आणि तुझ्या क्रमाने सगळं तपासतो. त्याला उडवणारं ते मोफत सॉफ्टवेअर, ज्याचा कोड कुणालाही उघडून बघता येतो, त्याची इंग्रजी पानं तू तुमच्या ओट्यावर बसून मला मराठीत सांगायचीस आणि मी वहीत उतरवून घ्यायचो. पहिल्याच पानावर तुझं वाक्य आहे: यात आपल्याला काहीही बदलता येतं, म्हणून काय बदललं याला जबाबदारही आपणच. तेव्हा मी ते नुसतं सुवाच्य अक्षरात लिहिलं. पंख्याचा नट मी आवळायचा, तू हलवून बघायचं. मी विचारायचं, ‘बघितलं?’ तू म्हणायचं, ‘बघितलं.’ त्याशिवाय बॅटरी जोडायची नाही. अजूनही रविवारी मी विचारतो आणि विचारून जरा थांबतो.

जनकाबाई परवा बाजारात भेटल्या. मनगटावरचा टाक्यांचा व्रण आता पांढरा झाला आहे. भाजी घेता घेता म्हणाल्या, ‘ते पोरगी येत नाई का रे गावात? तिले सांग, मले काई राग नाई.’ मी मान हलवली. खरं तर तेव्हाच बोलायला हवं होतं.

अर्जुनरावांच्या शेतातला तो दिवस मी रोज आठवतो. फवारणी दाखवायला आपण गेलो आणि त्यांनी ड्रोन ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर ठेवून त्याला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. लोखंडापासून दहा पावलं लांब, मातीवर ठेवा, असं तू म्हणालीस. त्यावर अर्जुनराव म्हणाले, ‘पूजा झाल्यावर मशीन उचलायची नसते पोरी, ती आपल्या पायानंच निघते.’ तू मला हळूच सांगितलंस, की फोनवर कंपासची तक्रार आली, म्हणजे ड्रोनला दिशा नीट कळेना, तर उडवायचं नाही, सरळ ट्रॉलीवरून खाली उतरवायचं. मग फोन माझ्या हाती देऊन तू लोकांना मागे सरकवायला गेलीस. ट्रॉलीच्या लोखंडामुळे कंपासची तक्रार आलीच. तपासणीत अडकून मशीन चालू होईना. मागून कुणीतरी ओरडलं, ‘काऊन बे गोकुळ, पाखरू रुसलं का?’ सगळे हसले. त्यानंतरचं तुला माहीत आहे. ड्रोन गोल गोल फिरत वाहवत गेला आणि शेजारच्या कपाशीत निंदणाऱ्या जनकाबाईंवर पडला. सगळ्यांसमोर तू म्हणालीस, ‘कंपास मी बसवला होता. चूक माझी हाय.’ मी तुझ्या शेजारी उभा होतो.

मंगळवारी बसस्टँडवर तुझा भाऊ चिन्मय भेटला. त्याने सांगितलं, की तुला ड्रोन बनवणाऱ्या एका कंपनीने बोलावलं होतं आणि तू नाही म्हणालीस. कारण काय, तर ‘माझ्या हातावर माझाच भरवसा नाही.’ श्रद्धा, तुझ्या हाताने काही चुकलं नव्हतं. सोबत एक मेमरी कार्ड पाठवतो आहे, ड्रोनमधलंच. त्या दिवसाची फाइल उघड. उडण्याच्या दोन मिनिटं आधी उड्डाणापूर्वीच्या सगळ्या तपासण्या बंद केल्याची नोंद त्यात वेळेसकट आहे. तेव्हा तू ट्रॉलीपासून लांब, पाठमोरी होतीस आणि फोन माझ्या हातात होता. मला ते हसणं सहन झालं नाही. हे कार्ड दोन वर्षं माझ्या वहीत आहे. रोज वाटायचं, सांगितलं तर तू परत कधी बोलणार नाहीस. आणि न सांगूनही तू बोलत नव्हतीसच. उद्या सकाळी जनकाबाईंकडे आणि मग अर्जुनरावांकडे जाऊन हेच सांगणार आहे. तू परत ये असं म्हणायचा मला हक्क नाही. फक्त त्या कंपनीला फोन कर. माझ्या ड्रोनला तुझा हात लागेल तेव्हा लागेल, दुसऱ्या कुणाच्या तरी ड्रोनला लागू दे. कार्ड नीट बघ. बघून झालं की एकच शब्द कळव, तोच, आपला.

त्याच शब्दासाठी थांबलेला,
तुझाच
गोकुळ