इराचे कपडे

९ जानेवारी

पोचले! ऑकलंडच्या विमानतळावर घरमालक गुरुनाथकाका स्वतः गाडी घेऊन आले होते. न्यूझीलंड म्हणजे थंडी, म्हणून आईने बॅगेत स्वेटर कोंबले होते. इथे जानेवारीत उन्हाळा, आणि उत्तरेला नॉर्थलंडमध्ये तर थेट रत्नागिरीची हवा! अंगणात केळी, पेरू, आणि झाडांवर दिवसभर किर्रर्र करणारे सिकाडा किडे. शाळा फेब्रुवारीत उघडेल, मग नववीला गणित शिकवायचं. तोवर हवेची सवय होईल. परसातली सुटी खोली मला भाड्याने मिळालीय, इथे तिला स्लीपआउट म्हणतात. काकांच्या बायकोने, विमलकाकूंनी, थालीपीठ लावलं होतं. त्यांची मुलगी इरा ख्राइस्टचर्चला इंजिनिअर आहे. फारशी येत नाही म्हणाल्या, आणि डोळ्यांना पदर लावला.

१४ जानेवारी

बुरशी! पर्सवर हिरवट लव आली, कुर्त्यांवर काळे ठिपके. काकू म्हणाल्या, इथे असंच चालतं, घरात एकच जागा कोरडी, गरम पाण्याच्या टाकीचं कपाट. माझे कपडे, पासपोर्ट, सर्टिफिकेटं त्यांनी स्वतः उचलून तिथे नेली. परक्या देशात इतकी काळजी कोण करतं?

१९ जानेवारी

माझे कपडे काकूंनी टाकून दिले. मला न विचारता. वास जाईना म्हणे. बदल्यात इराचे ड्रेस दिले. ते बेतून शिवल्यासारखे बसले. काकू कितीतरी वेळ माझ्याकडे बघत राहिल्या, मग म्हणाल्या, उकाडा आहे, केसही कापूया. मी नको म्हटलं तर दिवसभर जेवल्या नाहीत. शेवटी बसले त्यांच्यापुढे. हात सराईत होता. किती कापू, हेही विचारलं नाही.

२३ जानेवारी

दमटपणाने फोन बंद पडला, असं काका म्हणतात. काल तर चांगला चालू होता. दुरुस्तीला घेऊन गेले. आईला फोन करायला काकूंचा मागितला, तर म्हणाल्या, मी बोललेय तिच्याशी, ती मजेत आहे. आईचा नंबर मी यांना कधी दिला?

दूध आणायला डेअरीत गेले. इथे कोपऱ्यावरच्या दुकानाला डेअरी म्हणतात. दुकानदाराने विचारलं, "इरा, आता बरं वाटतंय ना?" मी इरा नाही, म्हटलं. त्याने हसून मान डोलावली. लहान मुलाची समजूत काढावी तशी.

२८ जानेवारी

कपाटाला कुलूप आहे. शाळेत दाखवायला पासपोर्ट मागितला. काका म्हणाले, शाळेला मी कळवलंय. काय कळवलं, विचारलं तर किल्ली खिशात टाकून बाहेर गेले.

जेवताना मुद्दाम विचारलं, इराचा फोन आला होता का? दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग काकूंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. "असं काय विचारतेस, राजा?"

३१ जानेवारी

ताक कडवट लागतं. प्यायले की दुपारभर झोप. आज त्यांच्या नकळत कुंडीत ओतलं — झोप आली नाही. खिडकीबाहेर परसात काका फोनवर बोलत होते, माझी सही हवी कशावर तरी — इरा म्हणून —

३ फेब्रुवारी

आज शाळा उघडली. काका नेणार होते. दार बाहेरून बंद. खिडकीतून उडी मारली. अनवाणी पळाले, ही वही तेवढी हातात.

शेजारच्या शेरिलबाईंच्या स्वयंपाकघरात आहे. म्हाताऱ्या आहेत, मायाळू. पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. मग माझा हात धरून म्हणाल्या, "इरा, परत सुरू झालं का गं? मागच्या उन्हाळ्यात तू स्वतःचं नाव ओवी सांगत होतीस."

ओवी. माझ्याआधी कोणीतरी. हेच कपडे, हेच केस — यांना आम्ही दोघी एकच वाटलो. ती कुठे आहे आता —

पोलिसांना बोलवा म्हणतेय. त्या म्हणतात, आधी आईबाबांना येऊ दे. फोन केलाय त्यांना — केव्हाच केलाय —

गाडी आली. दोघंही उतरतायत. काकू किती गोड हाक मारतायत — शेरिलबाई दार उघडायला —

मी मधुवंती. पुण्याची. ओवीलाही शोधा. ही वही कोणाला मिळाली तर माझ्या आईला सांगा, की माझ्या नावाने तिच्याशी फोनवर बोलते ती मी ना