डोलकाठीवरचं मीठ

९ जानेवारी १९९५, सांगली
"आक्का, मला पोहता येत न्हाई म्हणून आर्मीत चाललोय, न्हाईतर नेव्हीतच गेलो असतो." भरतीला निघताना धाकटा भाऊ बाळू म्हणाला होता. तोच आज दीड वर्षानं समुद्रावरून सुट्टीवर आला. आर्मीच्या सिग्नल्समधून, म्हणजे बिनतारी खात्यातून, पेन्शनीत निघाल्यावर हे कुठून सुचलं! विश्रामबागेतल्या माझ्या घरात पाय फाकवून चालतो. जमीन हलत नाही म्हणून चक्कर येते म्हणे.

१० जाने.
चहा घेता घेता बोलला, विचारलं तेवढंच. जुनी मालवाहू बोट, तिच्यावर रेडिओ केंद्र. समोर परक्या देशाच्या किनाऱ्यावर लढाई. तिथलं सरकार परवाना देत नाही, म्हणून हद्दीबाहेर नांगर टाकून बोलायचं. कुठलंच बंदर आत घेत नाही. डिझेल-पाणी पुरवणाऱ्यालाही शिक्षा, त्यामुळे पुरवठ्याची होडी येईल तेव्हा खरी. डिझेल संपत आलं की आधी स्वयंपाक बंद, मग दिवे. अंधारात बिस्किटं खायची, पण आवाज चालू ठेवायचा. हसत सांगत होता. मला हसू येईना.

१४ जाने., आष्टा
संक्रांत. बाळूच्या घरी. त्याची बायको मंगल रुसलेली. "ह्यांचा रेडिओ मला कवा ऐकाय आला न्हाई. ऐकायच येत न्हाई ती नोकरी कसली?" बाळू म्हणाला, तुला ऐकाय आला आसता तर तू स्टेशनच बंद पाडलं आसतंस. तीही हसली.
जेवताना मात्र नको ते निघालं. खाऱ्या वाऱ्यानं डोलकाठीवरच्या चिनीमातीच्या वाट्यांवर (विजेच्या खांबावर असतात तशा) मीठ साचतं. ठिणग्या उडतात, यंत्र बंद पडतं. मग वर चढून गोड्या पाण्यानं पुसायचं. प्यायचं पाणी बेताचं, त्यातलंच. पुसणारे दोघं, त्यातला एक बाळू. मंगलच्या हातात आमटीची पळी तशीच राहिली. तिला हे माहीत नव्हतं.

१८ जाने., सांगली
बोटीवर माणसं पाठवणाऱ्या मुंबईच्या एजंटचा फोन माझ्याकडे. हवा बिघडलीय, बोटीत पाणी शिरतंय, बाळूचा जोडीदार डोलकाठीवरून पडून जायबंदी. लवकर या. निरोप दिला तर बाळू लगेच हो म्हणाला.
दुपारी मंगल एकटीच एसटीनं आली. "आक्का, तुमचा शब्द मोडत न्हाईत ते. जाऊ दिऊ नका." बोलते म्हणाले.

२० जाने.
बोलले. सगळं ऐकून घेतलं त्यानं. मग खाली बघत म्हणाला, "संध्याकाळी रेडिओवर लढाईत हरवलेल्यांची नावं वाचत्यात, आक्का. कोण जित्तं हाय, निर्वासितांच्या कुठल्या छावणीत हाय. एकदा यंत्र बंद पडलं तवा नावं अर्धीच झालती. पुढचं नाव आपल्या माणसाचं आसंल म्हणून कुणीतरी कान लावून बसलं आसंल न्हवं? मग चढाय लागलंच की."
मीही मासिकांत लिहिते, कोण वाचतं कळत नाही. पण त्यासाठी प्यायचं पाणी कधी सोडलं नाही. याला मी अंगाखांद्यावर खेळवलं, आणि आज...
मंगलला खरं ते सांगितलं, की मला त्याला अडवता आलं नाही. ती म्हणाली, "मग तुमी बी त्यांच्यातल्याच."

२३ जाने., आष्टा
उद्या मिरजेहून गाडी. मंगल माझ्याशी बोलत नाही. शेंगदाण्याची चटणी बांधली. मग जुनी धोतरं फाडत बसली, चौकोनी घड्या घातल्या. कशाला विचारलं तर वर न बघता, "मीठ पुसाय मऊ कापडच लागतं." बाळू दारात उभा राहून बघत होता.
स्टेशनवर त्याच्याकडे एक मागणार आहे. पाया पडेल, हसेल, आणि नाही म्हणेल. तरीही मागणार. बाळू, वारं असेल तेव्हा वर चढू नकोस. एखाद्या संध्याकाळी नावं वाचायची राहिली, तर राहू देत.