काळे पडणारे पैंजण

१८ जानेवारी, रविवार

भेसळ! आमच्या चांदीला आज भेसळ म्हणाले. तेही हळदीकुंकवाला, वाड्यावरच्या निम्म्या बायका समोर बसलेल्या असताना.

वाण द्यायला वाकले आणि साडीचा काठ वर गेला. झालं. सासूबाईंची नजर थेट पायांवर. "गे रूपाली, पैंजण काळे कित्याक पडले? लग्नाक वर्स जावंक ना अजून." मग बाकीच्यांकडे वळून, आवाज जराही खाली न आणता — "सोनारान फसयलो हिच्या बापाशीक. चांदी न्हय ती." कोणीतरी तिळगूळ चघळत म्हणालं, पेडण्याकडचे, म्हणजे माझ्या माहेरकडचे, सोनार तसलेच. जसे काही डिचोलीचे सगळे धुतल्या तांदळाचे.

संक्रांतीला अंगावर काळी साडी चालते. पायात काळं चालत नाही.

मी हसले. हसायचंच असतं अशा वेळी. पण हे पैंजण बाबांनी माझ्या आईची चांदी मोडून केलेत. तिची जोडवी, तिचा छल्ला, कमरेची साखळी — आई गेल्यावर सगळं डब्यात ठेवलं होतं, माझ्या लग्नाला बाहेर काढलं. सोनार वितळवत होता तेव्हा बाबा शेजारी बसून होते, चहालासुद्धा उठले नाहीत. ती चांदी खोटी?

बघतेच.

१९ जानेवारी

चिंच आणि राख लावून घासले. लखलखीत! भेसळ दिसत असेल त्यांनी येऊन दाखवावी.

२५ जानेवारी, रविवार

पुन्हा काळे. आधी पिवळट, मग तपकिरी, आता तव्याच्या बुडासारखे. शेजारी सायलीचे पाय. सायली माझी नणंद, डिचोलीत औषधांच्या दुकानात कामाला. तिचे पैंजण सासूबाईंनी केलेले, कधीचे घालतेय, आणि अजून दुधासारखे पांढरे. मला तिचा राग येत नाही, तिच्या पायांचा येतो.

वाईट म्हणजे बातमी इथून नार्व्याहून माझ्या माहेरी चोपड्याला पोचली. बाबांचा फोन. "बाय, ते पैंजण धाडून दी. दुसरे करून घालतंय." मी म्हटलं, काही नको, चांदी चांगली आहे. तर ते — "पाडव्याक तू बोलावलंस खरा. पण त्या घरात मी आता खंयच्या तोंडान येऊ?"

माझे बाबा! पाववाल्या पोदेराकडचा फुकटचा उंडो कधी खाल्ला नाही ह्या माणसाने.

इथे लिहून ठेवते. पाडव्याला बाबा ह्या घराच्या सोप्यावर ताठ मानेने बसून चहा पितील. नाहीतर मी रूपाली नाही.

२६ जानेवारी

सायलीला सुट्टी. मागीलदारी मासे साफ करताना तिला सगळं सांगितलं. म्हणाली, "वयनी, तूं भियेनाका. तुजे म्हाका दी, म्हजे तूं घाल. आवयक सांगू नाका." दोघींचे पैंजण दिसायला सारखेच, माझी फक्त कडी जाड. दोन्ही जोड घासून अदलाबदल केली. माझे खरंच खोटे असतील तर तिच्या पायातही काळे पडायला हवेत.

नणंद असावी तर अशी.

३ फेब्रुवारी

मोठी सुकती होती. ओहोटीने पाणी पार खाली गेलेलं. मी साडी खोचून खुबे काढायला चिखलात. माहेरी चोपड्याला तिसऱ्या, इथे खुबे — शिंपल्या वेगळ्या, चिखल तोच. गुडघ्यापर्यंत रुतले की मला माहेरी आल्यासारखं वाटतं.

सासूबाई बांधावर उभ्या. नदी त्यांना पाठ आहे, माहेरही त्यांचं नदीकाठचंच. "थंय न्हय, त्या वाकड्या कांदळाच्या मुळाकडेन बघ," म्हणाल्या, आणि तिथे ढीगभर निघाले! पण स्वतः कधी उतरत नाहीत. पायात पैंजणही नाहीत त्यांच्या. आवाज मानवत नाही म्हणे. मलाही वाटतं, ज्यांचा स्वतःचा आवाज एवढा, त्यांना दुसरा कशाला.

खुब्यांचं सुक्कं केलं. माझ्या नवऱ्याने, निलेशने, तीनदा भात घेतला.

८ फेब्रुवारी, रविवार

जिंकले!

सायलीचे पैंजण माझ्या पायात काळेकुट्ट. माझे तिच्या पायात पांढरेशुभ्र. दोन्ही जोड केळीच्या पानावर ठेवून सासूबाईंच्या पुढ्यात नेले आणि सगळं सांगून टाकलं. आधी वाटलं ओरडतील. त्यांनी दोन्ही उचलून पाहिले, कडी चाचपली, पुन्हा पाहिले. "मगे चांदीचो दोष ना," म्हणाल्या.

मी फोनकडे धावणार, तेवढ्यात मागून — "चांदीचो ना, म्हणजे आंगाचो. तुज्या आंगात कडकी आसा, रूपाली."

घ्या. कडकी म्हणजे उष्णता. आगीतून उठले ती फुफाट्यात. आईची चांदी सुटली, मी अडकले. आता बाबांना काय सांगू? चांदी खरी आहे, मुलगीच खोटी आहे?

एक गोष्ट मात्र समजली नाही. हे बोलताना त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. दाराबाहेर बघत होत्या. आवाजही नेहमीचा नव्हता.

९ फेब्रुवारी

पैंजण घासून आपापले परत घेतले, आणि पथ्य सुरू. कांदा नाही, लसूण नाही, अंडं नाही, सुकी मासळी नाही. खुबेही नाहीत — उष्ण म्हणे! नदीवर जायचं कामच उरलं नाही. सकाळी सब्जा, दुपारी सोलकढी, संध्याकाळी धण्याजिऱ्याचं पाणी. माझं पोट म्हणजे विहीर झालीय.

२२ फेब्रुवारी, रविवार

पैंजण पांढरे. इतके दिवस झाले, अजून पांढरे!

सासूबाई टोमणा मारतील म्हणून मी तयार होते. त्या फक्त "पळे", बघ, एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या. टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं.

निलेश म्हणाला, "पांढरे राहिले ना, मग झालं तर." हा फेरीबोटीवर कामाला आहे. दिवसभर ह्या काठावरून त्या काठाला. घरातही तसाच, कोणत्याच काठावर उतरत नाही. मी म्हटलं, म्हणजे माझं अंग खराब हे तुला मान्य? तर म्हणे, तसं नाही. मग कसं? तर म्हणे, भात वाढ.

पैंजण पांढरे राहिले म्हणून रडणारी मी गोव्यात एकटीच असेन.

२८ फेब्रुवारी

शेजारच्या जानकीमावशीचा हात प्लास्टरमध्ये. तिच्या भावाला खुबे हवेत, उद्या तो परत जायचा. "रूपाली, तूंच काडून हाड गे." सुकती होतीच. गेले, काढले, तिच्या टोपलीत ओतून आले. तिने आग्रह केला तरी एकसुद्धा तोंडात घातला नाही. पथ्य म्हणजे पथ्य, कोणी बोलायला नको.

२ मार्च

काळे!! पैंजण काळे पडले!!

मागीलदारी एकटीच फुगडी घातली. कोंबड्या पळाल्या.

पथ्य जसंच्या तसं चालू आहे. कांद्याची पातसुद्धा नाही. सब्जा पोटात, सोलकढी पोटात. मग काळे कसे? एकच गोष्ट वेगळी केली — नदीत उतरले. खुबे खाल्ले नाहीत, नुसते काढले. पथ्यात पैंजण पांढरे राहिले ते सब्जामुळे नाहीच, मी चिखलात गेले नाही म्हणून!

आणि एकदम माझ्या आईचे पाय आठवले. तिची जोडवी कायम काळी असायची. मावशीची काळी, शेजारणीची काळी. लहानपणी मला वाटायचं, जोडवी काळीच असतात. आमच्याकडच्या सगळ्या बायका तिसऱ्यांसाठी नदीत, सवाष्णीने जोडवी काढायची नाहीत, म्हणून सगळ्यांची चांदी काळी. मग कोण कोणाला विचारणार? मी कशी विसरले हे?

नदीकाठच्या खाजणातल्या चिखलाला वास येतो तो कुजक्या अंड्याचा. शाळेत प्रयोगशाळेत असाच वास सुटला होता तेव्हा बाई म्हणाल्या होत्या, हा गंधकाचा वायू, चांदी ह्याने काळी पडते. मी नाक धरून हसत होते. पण कानात राहिलं एवढं नशीब.

४ मार्च

काल होळी झाली, आज माझा प्रयोग. नदीवरून काळा चिखल आणला, जुन्या मडक्यात अर्ध्यापर्यंत भरला. दोन्ही पैंजण लख्ख घासले. उजवा दोऱ्याने मडक्यात टांगला, चिखलाला टेकणार नाही असा, आणि वर झाकण. डावा माझ्या पायात. नदीवर जाणार नाही. पथ्य मोडलं! दुपारी कांदा घालून अंड्याचं पोळं खाल्लं, उंड्याबरोबर.

सायलीने तिच्या दुकानात औषधं घ्यायला येणाऱ्या डॉक्टरबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, घामातही गंधकाचा अंश असतो, कोणाच्या जास्त, कोणाच्या कमी. त्याने काहींच्या अंगावर चांदी लवकर काळी पडते. तो रोग नाही, दोषही नाही. चेहऱ्याला कोणाला तीळ असतो, कोणाला नसतो, तसं.

म्हणजे घामाने पडली असती तरी माझी चूक नव्हतीच. हे दोनदा लिहावंसं वाटतंय.

६ मार्च

सगळ्यांना स्वयंपाकघरात बोलावलं. निलेशला ड्युटीवर जाताना थांबवला. डावा पाय पुढे केला — पांढरा. कांदा खाऊन, अंडं खाऊन, घाम गाळून पांढरा! मग झाकण उघडलं. तो वास! सायलीने पदर नाकाला लावला, म्हणजे ओढणी. मी दोरा वर ओढला.

काळा. आईची चांदी, बाबांनी घडवलेली, कोणाच्याही अंगाला न लागता काळी.

मी म्हटलं, "आई, ह्या मडक्याच्या आंगात कडकी आसा?"

सायली हसता हसता खालीच बसली. निलेश म्हणाला, "आवय, ही जिखली." उतरला बाई एकदाचा माझ्या काठावर! मी त्याला तिथेच माफ करून टाकला.

सासूबाई हसल्या नाहीत, चिडल्याही नाहीत. मडक्यापाशी बसल्या. चिखलाला बोट लावून वास घेतला. "न्हंयच्या गाळान?" विचारलं. होय, नदीच्या गाळाने, म्हटलं. "आंगान न्हय?" नाही, आई. मग पुन्हा — "खरेंच न्हय?" लहान मुलीने विचारावं तसं मलाच विचारत होत्या. मग उठून आत गेल्या आणि जेवायलाच बाहेर आल्या.

बाबांना फोन केला. सगळं सांगितलं, मडक्यासकट. ते ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "तुझी आवस हसली असती बघ."

मी रडले. जिंकल्यावर रडायला काय हरकत आहे!

१९ मार्च, पाडवा

बाबा आले! इस्त्रीचा सदरा, हातात तिसऱ्यांची पिशवी. सोप्यावर बसले. आधी टोकाला, मग चहा येईपर्यंत ऐसपैस.

सासूबाईंनी कमाल केली. हळदीकुंकवाला होत्या त्या बायकांपैकी चारपाच जणींना मुद्दाम गोड खायला बोलावलं होतं. सगळ्यांसमोर म्हणाल्या, "व्याह्यानू, तुमची चांदी अस्सल. उलयताना चुकलें तें हांव चुकलें." आवाज तोच, संक्रांतीचा, शेवटच्या घरापर्यंत जाणारा. त्याच आवाजात चूक कबूल करायला छाती लागते. तेवढी त्यांची आहे, मला मानावं लागेल.

बाबा म्हणाले, "विहीणबाई, नदीचो चिखल तो. तुमका काय म्हायत." एवढंच. मग तिसऱ्यांचा विषय निघाला, आणि दोघांत वाद — चोपड्याच्या गोड की नार्व्याचे खुबे. बाबा आमच्या घरात आवाज चढवून वाद घालत होते. मी दाराआडून ऐकत होते आणि माझं पोट भरत होतं.

सोप्यावर बाबांनी दोन कप चहा घेतला. ताठ बसून.

२० मार्च

सासूबाईंनी चिंच आणि राख मागून घेतली. मी घासते म्हटलं, तर नको म्हणाल्या, आणि दार लोटून घेतलं.

२२ मार्च, रविवार

सकाळी सुकती. मी टोपली घेऊन निघाले तर सासूबाई मागोमाग, साडी खोचलेली, आणि पायात पैंजण! जुने, जाड, लखलखीत. त्यांचे लग्नातले. म्हणाल्या, ह्या घरात आल्यावर पहिल्याच वर्षी काळे पडले. सासू म्हणाली, तुज्या आंगात विख आसा, विष. तेव्हापासून पेटीच्या तळाशी. आणि तेव्हापासून मान खाली घालून त्यांनी ते खरं मानलं होतं.

बांधावर मी म्हटलं, "आई, काढून ठेवा. पुन्हा काळे पडतील."

"पडूं दी," म्हणाल्या, आणि चिखलात उतरल्या.