बाबा आणि गाडीखालचं मीठ

रविवार, फेब्रुवारी. पार्सिपनी.

आज बाबा किती दिवसांनी हसले. नागपूरहून येऊन सहा आठवडे झाले, पण एसटीच्या वर्कशॉपमध्ये आयुष्य काढलेल्या माणसाला इथे अमेरिकेत घरात बसून करमेना. परवा म्हणालेच, "माझं परतीचं तिकीट अलीकडचं करून दे." तेव्हापासून माझं कशात लक्ष नव्हतं.

आज ऊन पडलं. बाबांनी वाकून माझ्या गाडीखाली पाहिलं. "अगं, हे पांढरं काय साचलंय?"

"बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात, ते."

"मीठ? पत्रा खाईल ते."

मग त्यांनी लॉनचा स्प्रिंकलर नळीला जोडून जमिनीवर ठेवला आणि मला त्यावरून गाडी हळूहळू पुढेमागे घ्यायला लावली. पांढरं पाणी वाहतच राहिलं. माझी इरा रेनकोट घालून नाचत होती, "अगेन, आजोबा." बाबांची पँट गुडघ्यापर्यंत ओली, पण थांबायला तयार नाहीत.

आणि मी रोज त्यांना आराम करा म्हणत होते. कशाला?

जेवताना तिकिटाचा विषय निघालाच नाही. म्हणाले, "उद्या जावयांची गाडी घेऊ. शेजारच्यांनाही विचार. त्यांच्याही गाडीखाली तेच पांढरं आहे, मी वाकून पाहून आलोय."