ओल्या पोत्याखालची खूण

मी, जयमाला दत्तोबा येळवंडे, वय सदुसष्ट, धंदा पूर्वी टेनिस कोर्टाची देखभाल, सध्या काही नाही, राहणार निघोजे, तालुका खेड, जिल्हा पुणे, माझ्या राजीखुशीने हे लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यांनी मला आजचा वार विचारला, मी तिथीही सांगितली. कोणाचा दाब नाही, कोणाची फूस नाही. दाब टाकायला आलेल्या पुतण्याला, कुलदीपला, चहा पाजून परत पाठवले आहे.

कलम १. मला एकच अपत्य आहे, मुलगी उत्कर्षा, राहणार इंग्लंड. चौदाव्या वर्षी ती शिष्यवृत्तीवर तिकडच्या टेनिस अकादमीत गेली, विसाव्या वर्षी ब्रिटिश नागरिक झाली आणि पुढे चौदा वर्षे ब्रिटनच्या नावाने व्यावसायिक टेनिस खेळली. जगात एकशे एकतिसाव्या क्रमांकापर्यंत पोचली. गावाला हा आकडा लहान वाटतो. आमच्या गावात कुठल्याच गोष्टीत जगात एकशे एकतिसावा असलेला माणूस मला अजून भेटलेला नाही. गेल्या वर्षी डाव्या मनगटाच्या दुखण्याने तिने खेळणे सोडले.

कलम २. राहते घर, बँकेतील ठेव आणि माझ्या चार बांगड्या उत्कर्षाला द्याव्यात. घराच्या पुढच्या अंगणाबद्दल मात्र तिला सांगणे भाग आहे. मी अंगण सारवते, आणि दुपारी ते वाळले की उंबऱ्यासमोर एक लांबट खूण उमटते. अंगठ्याएवढी, एका बाजूला जरा खोल. पुन्हा सारवले तरी पुन्हा उमटते. कुलदीपने फरशी बसवून दिली तेव्हा सहा महिने बरे गेले. मग फरशीवरही ओल धरू लागली, त्याच आकाराची. शेजारच्या सुमनताईंना ती दिसत नाही. त्या म्हणतात, डोळे तपासून घ्या. तपासले, डोळे उत्तम आहेत.

कलम ३. कोर्टावर फिरवायचा दगडी रोलर, जो क्लबने भंगारात काढला आणि मी मागून आणला, तो कुलदीपला द्यावा. 'काकूची पोरगी स्कर्ट घालून उंडारती' असे गावभर सांगणारा तोच, आणि पेपरात फोटो आल्यावर 'आमची भगिनी' म्हणून चौकात स्वतःच्या फोटोचा मोठा फ्लेक्स लावणाराही तोच. रोलर हलवायला चार माणसे लागतात. माझ्या इस्टेटीतली सर्वांत वजनदार वस्तू त्याला मिळाली, असे त्याने खुशाल सांगावे.

कलम ४. गोणपाटाचे एक पोते माळ्यावरच्या पेटीत आहे. ते कोणाला देऊ नये, माझ्या चितेवरही ठेवू नये. वेगळे जाळावे. त्याचे कारण मी एकवीस वर्षे कोणाला सांगितलेले नाही.

माझे यजमान पिंपरीच्या एका क्लबात कोर्ट राखत. ते वारल्यावर त्यांची जागा मला मिळाली. लाल मातीचे कोर्ट झाडायचे, पाणी मारायचे, चुन्याच्या रेषा ओढायच्या, आणि खेळाडू बाजू बदलताना ओले पोते ओढून माती बसवायची. मातीच्या कोर्टावर बॉल पडला की खूण राहते. वाद झाला तर पंच ती खूण बघून निकाल देतात. खूणच नसली तर पहिला पुकारा कायम.

एप्रिल २००४ मध्ये मुलींच्या स्पर्धेची अंतिम फेरी होती. जिंकणारीला इंग्लंडची जागा, आणि जागा एकच. माझी उत्कर्षा एका बाजूला, दुसऱ्या बाजूला स्वरूपा, कंपनीच्या बसवर ड्रायव्हर असलेल्या रंगराव ढवळे यांची मुलगी. पंच दोन कोर्टांत मिळून एकच, म्हणून रेषेचा पुकारा खेळाडूंनीच करायचा होता. तिसऱ्या, शेवटच्या सेटला स्वरूपाचा मॅच पॉइंट होता, एवढा गुण मिळाला की सामना तिचा. तिने मारलेला बॉल उत्कर्षाच्या पायाशी रेषेवर पडला आणि उत्कर्षाने 'आउट' म्हणून बोट वर केले. घाईत की मुद्दाम, मला माहीत नाही. चौदा वर्षांची होती. स्वरूपा खूण दाखवायची म्हणून पंचांना बोलवायला पलीकडच्या कोर्टाकडे गेली.

मी कडेलाच होते. बॉल अर्धा रेषेवर होता. मी पोते उचलले आणि रेषेवरून ओढत गेले, रोजचे काम असल्यासारखी. झाडणाऱ्या बाईकडे कोणी बघत नाही. पंच आले, एवढेच म्हणाले की बाई, जरा थांबायचं ना. पुकारा कायम राहिला, स्वरूपा तो सेट आणि सामना हरली. रंगराव भांडले नाहीत. हातातला डबा सावरत मुलीला म्हणाले, "चल माय, आपली बस निघंल." ते दोघे फाटकातून गेले ते मला अजून पाठमोरे दिसतात.

कलम ५. देव्हाऱ्याजवळचा पितळी बिल्ला उत्कर्षाचा आहे, तिच्याकडेच जावा. तिथल्या खेळाडूंनी मिळून तो तिला सचोटीबद्दल दिला. तुर्कस्तानातल्या एका उपांत्य सामन्यात पंचांनी समोरचीचा बॉल बाहेर दिला होता. उत्कर्षा स्वतः चालत गेली, रॅकेटने खुणेभोवती गोल काढला, बॉल आत होता म्हणाली आणि सामना हरली. असे तिने किती वेळा केले याची मोजदाद नाही. निवेदक वाहवा करत होते. मी मोबाईलवर बघत होते. ती कोणाची फेड करते आहे, हे जगात मला एकटीला कळत होते.

खेळ सोडला त्या दिवशी तिचा फोन आला. बराच वेळ इकडचे तिकडचे बोलली. मग म्हणाली, "आई, मी खूण बघितली होती. तू पोतं आणायच्या आधी."

मी म्हणाले, "जेवलीस का गं?"

त्यानंतर ती हे कधी बोलली नाही. मला माझी फार लाज वाटते. उत्कर्षा, हे मृत्युपत्र त्या फोनचे उत्तर आहे. बॉल आत होता. तू नुसते बोट वर केले होतेस, खूण मी पुसली.

कलम ६. निघोजे येथील साडेसहा गुंठे जागा, जी वाटणीने माझ्या एकटीच्या नावावर आहे आणि जिच्यावर कुलदीपला गोडाऊन बांधायचे आहे, ती मी स्वरूपा रंगराव ढवळे हिला देते.

कलम ७. वरील कलम ६ रद्द समजावे. मसुदा घेऊन मी स्वतः चाकणला गेले. स्वरूपा तिथे एका कंपनीत क्वालिटीला आहे, पार्ट तपासते. पहिली शिफ्ट सुटल्यावर फाटकाजवळच्या टपरीवर बसून मी तिला सगळे सांगितले. तिने चहाला हात लावला नाही. बॉल किती आत होता, एवढेच विचारले. मी बोटाने दाखवले, अर्धा.

"मला वाटायचं, मलाच नीट दिसलं नसंल," ती म्हणाली. "अजून मी एकेक पार्ट दोनदा मोजते, काकू. सगळे हसतात मला."

मी जागेचे सांगितले. ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्षीदार होऊ नये, असे माझे वकील सुजित म्हणतात, तेही बोलता बोलता सांगितले. ती ताबडतोब म्हणाली, "मग जागा राहू द्या. सही कुठं करायची ते सांगा."

म्हणून ती जागा उत्कर्षाला देते. तिथे लाल मातीचे एक कोर्ट नीट बसते, मी पावलांनी मोजून पाहिले आहे. तिने ते करावे आणि पहिल्या दिवशी स्वरूपाला बोलवावे. सर्व्हिस कोणी करायची ते त्या दोघी जाणतात.

मृत्युपत्राची अंमलबजावणी वकील सुजित यांनी करावी. वरील सर्व मजकूर मी वाचला, तो खरा आहे आणि खालील दोघींच्या देखत मी सही केली आहे.

स्थळ: निघोजे
दिनांक: ११ नोव्हेंबर २०२५

सही: जयमाला दत्तोबा येळवंडे

साक्षीदार:

१) सुमनताई नानासाहेब फडके, शेजारी. (सही)

२) स्वरूपा रंगराव ढवळे, राहणार चाकण. (सही)
बॉल आत होता. मी नीट पाहिला होता.